एका वेळी एकच

४ मार्च, सोमवार

आले एकदाची. दोन पिशव्या, एक वळकटी, हत्यारांची पेटी आणि मी, असा सगळा संसार वरच्या मजल्यावर चढवला. खोली टीचभर आहे, पण खिडकी रस्त्यावर उघडते आणि नळाला पाणी असं धो धो येतं की मी उगाचच दोनदा तोंड धुतलं. घरमालकिणीने दारातच चौकशी केली, एकटीच का. म्हटलं, सध्या एकटी, लेक मागून येणार आहे. त्यावर तिने असं तोंड केलं की जणू मी लेक नाही, हत्तीण आणणार आहे. तरी किल्ली दिली आणि गादीवर घालायला चादरही दिली.

वर्कशॉप समोरच्याच गल्लीत आहे. बाहेर पाटी नाही. आत एक लांब हॉल, पांढरे दिवे, टेबलांची रांग आणि टेबलाटेबलावर उघडी मशीन्स. गिऱ्हाइकाने सांगितलेले भाग आणून कॉम्प्युटर जुळवायचा आणि चालू करून द्यायचा, हे इथलं काम. मला ते झोपेतही येतं. मालकांनी स्वतः फिरून सगळं दाखवलं. पन्नाशीचे असतील. इस्त्रीचा शर्ट, बारीक कापलेली नखं, आवाज जराही चढत नाही. मला ताई म्हणतात आणि अहो-जाहो करतात. आधीच्या ठिकाणी टाळी वाजवून बोलवायचे, त्यामुळे मी तर विरघळलेच.

बोली सरळ आहे. पहिलं मशीन चालू करून दिलं की नोकरी पक्की, शिवाय वर्कशॉपच्या माडीवरच्या दोन खोल्या राहायला. मग भिंगरीला आणायचं. भिंगरी म्हणजे माझी लेक. आठ वर्षांची आहे, एका जागी टिकत नाही म्हणून हे नाव. तिचे बाबा वारल्यापासून ती माझ्या आईकडे असते आणि मी कामाच्या मागे गावोगाव. फोनवर ती हल्ली मला विचारते, तू आता पाहुणी म्हणून येणार की आई म्हणून? हे ऐकून घेण्यापेक्षा दोन थोबाडीत खाल्लेल्या परवडल्या. एक मशीन चालू झालं की माझी पोर माझ्यापाशी.

इथल्या रीती मात्र कडक आहेत. ज्याने मशीनचा पहिला स्क्रू पिळला त्यानेच ते पुरं करायचं, दुसऱ्याने बोटही लावायचं नाही. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तर कुठेही असतंच. तिसरी रीत मनगटाच्या पट्ट्याची. अंगातल्या स्थिर विजेने नाजूक भाग जळू नयेत म्हणून मनगटाला पट्टा बांधतात आणि त्याच्या वायरीचा चिमटा टेबलाच्या पट्टीला लावतात. सगळीकडे बांधतात. पण इथे तो चिमटा सकाळी मालक स्वतः लावतात आणि संध्याकाळी स्वतः काढतात. मध्ये उठायचं असेल तर हात वर करायचा. शाळेत बाईंना विचारून बाहेर जायचो, तसं. मला हसू आलं, पण शिस्त म्हणून बरं वाटलं.

५ मार्च, मंगळवार

माझं टेबल शेवटून दुसरं. शेवटच्या टेबलावर जाड भिंगांचा चष्मा लावणारा एक गडी बसतो. मी मनातल्या मनात त्याचं नाव ढापण्या ठेवलंय. नमस्कार केला, तर त्याने मी त्याच्या ताटातलं उचलल्यासारखं पाहिलं. बाकीच्यांचंही तेच. असोत बापडे, मी इथे सोयरीक जुळवायला आलेली नाही.

भाग हॉलच्या टोकाला, स्टोअरच्या खिडकीतून मिळतात. आत स्टोअरच्या बाई बसतात. त्यांचा चेहरा इतका आंबट की दूध नासावं. सगळी खोकी कोरी, सील मी स्वतः तोडली. मदरबोर्ड मांडला, प्रोसेसर खाचेत बसवला, वर कणभर पेस्ट आणि पंखा. मेमरीच्या पट्ट्या टक् आवाज येईपर्यंत दाबल्या. मग ते सगळं कॅबिनेटमध्ये, मागून पॉवर सप्लाय. वायरी अशा बांधल्या की बघणाऱ्याने दृष्ट काढावी.

दुपारी बटण दाबलं. पंख्याने अर्धा गरका घेतला आणि थांबला. स्क्रीन काळी. बीप नाही, काही नाही.

पहिल्या फटक्यात चालू झालं असतं तर मलाच चुकल्यासारखं वाटलं असतं. उद्या बघते.

६ मार्च, बुधवार

आज नेहमीचे हमखास उपाय केले. प्रोसेसरला वेगळी वीज देणारी वायर लोक विसरतात. मी विसरले नव्हते. मेमरी काढून परत बसवली. मग एकच पट्टी ठेवून पाहिली, मग दुसरी. पुढच्या बटणाच्या बारीक वायरी उलट लागल्यात का पाहिलं. बोर्डाखाली एखादी जादा पितळी खुंटी राहून तो कॅबिनेटला टेकतोय का, तेही पाहिलं. बोर्डावरची छोटी बॅटरी काढून चहा पिऊन आले आणि परत लावली. प्रत्येक वेळी अर्धा गरका, आणि ठप्प.

मालक मागे येऊन उभे राहिले होते. म्हणाले, घाई नाही ताई, गिऱ्हाईक थांबायला तयार आहे. ते गेल्यावर ढापण्या मान वर न करता पुटपुटला की ज्याला जमत नाही त्याने गाशा गुंडाळावा. मी त्याला विचारलं, तुमच्या काकांनी हे वर्कशॉप तुम्हाला आंदण दिलंय का? त्याने पुन्हा स्क्रू पिळायला घेतले. पण जेवायला उठले तेव्हा माझा डबा टेबलावरून खाली जमिनीवर गेलेला होता.

८ मार्च, शुक्रवार

मशीन कॅबिनेटमधून बाहेर काढलं. बोर्ड रिकाम्या खोक्यावर ठेवला, त्यावर फक्त प्रोसेसर, एक मेमरी, पॉवर सप्लाय. बटणसुद्धा नाही, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दोन पिना जोडल्या की मशीन सुरू व्हायला हवं. याहून कमी काही उरतच नाही. अर्धा गरका.

आता बदलाबदली. स्टोअरमधून नवा पॉवर सप्लाय मागितला. बाईंनी तो खिडकीतून ढकलला आणि जुन्यासाठी हात पुढे केला. इथे काढलेला भाग स्टोअरमध्ये द्यावाच लागतो. त्या तो आत तपासतात, चंदेरी पिशवीत घालतात आणि वर चिठ्ठी चिकटवतात. थोड्या वेळाने खिडकीतून चिठ्ठी दाखवली: तपासला, ठीक. म्हणजे बिघाड त्यात नव्हता.

बाई खिडकी बंद करताना आतून कोणीतरी खोकल्यासारखं वाटलं. विचारलं, मदतीला कोणी आहे का आत? त्यांनी खिडकी इतक्या जोरात आपटली की माझं बोट थोडक्यात वाचलं.

११ मार्च, सोमवार

मेमरी बदलली. जुनी, तपासली, ठीक. प्रोसेसर बदलला. जुना, तपासला, ठीक. मदरबोर्ड बदलला, तोही ठीक. माझ्या तर नाकी नऊ आले. इतक्या वर्षांत असं मशीन पाहिलं नाही. बिघाड असतो तो कुठेतरी असतो ना?

भिंगरीचा फोन आला होता. तिने आजीचा बंद पडलेला रेडिओ पूर्ण उघडला, एक सुटलेली तार शोधली आणि आजोबांच्या जुन्या सोल्डरिंगच्या डागणीने जोडली. बोट भाजलं, पण रेडिओ लागला. आई आधी ओरडली आणि मग रेडिओ ऐकत बसली. मी इतकी खूश झाले की दिसेल त्याला सांगत सुटले. बाकीच्यांनी कानांत बोळे घातल्यासारखं केलं. मालकांनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, हात तुमच्यावर गेलाय का तिचा? म्हटलं, हुबेहूब. नखंसुद्धा माझीच.

ढापण्याने त्या वेळी हातातली पकड टेबलावर फेकली आणि माझ्याकडे पाहून म्हणाला की बायकांची तोंडं शिवून टाकायला हवीत. असला खवीस!

१३ मार्च, बुधवार

काल उरलंसुरलं सगळं बदललं. पंखा, वायरी, कॅबिनेट, स्क्रीन, भिंतीतून येणारी केबल. आता त्या मशीनमध्ये पहिल्या दिवसाचा एक स्क्रूसुद्धा नाही. अर्धा गरका.

तेव्हा मला एक सुचलं आणि आज मी हट्टाने स्टोअरमधून काढलेले सगळे भाग परत मागून घेतले. बाईंनी मालकांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. ते भाग मी बाजूला जुळवले. बटण दाबलं आणि मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. स्क्रीन उजळली, पंखा छान गुणगुणायला लागला. मला रडूच कोसळलं. मी मालकांना म्हटलं, हे घ्या तुमचं मशीन, हेच तर होतं पहिलं.

मालक म्हणाले, हे ते नाही. ते हे. आणि मुकं पडलेल्या मशीनवर हात ठेवला. मी म्हटलं, अहो, त्यातलं सगळं बदललंय, मग ते कशावरून? ते म्हणाले, बिघाड त्याच्यात आहे ना, म्हणून. गिऱ्हाइकाला तेच हवंय. मग मी जुळवलेलं चालू मशीन बाईंनी नेलं आणि पुन्हा सुटं करून पिशव्यांत भरलं.

माझं डोकंच फिरलं. मी भर हॉलमध्ये म्हणाले की मग आता बदलायची फक्त मीच राहिलेय, टाका मला पिशवीत!

मी हसले. कोणीच हसलं नाही. एका टेबलावर कोणाच्या तरी हातून स्क्रू सांडले आणि ते फरशीवर घरंगळत गेले, तरी उचलायला कोणी वाकलं नाही. मालकांनी माझी खुर्ची टेबलाशी सरळ केली. मग म्हणाले, आधी आजूबाजूचं बघू. एका वेळी एकच.

१४ मार्च, गुरुवार

मालक देवमाणूस म्हणायला हवेत. मशीन चालू झालेलं नसताना त्यांनी स्वतःहून सांगितलं की लेकीला शनिवारी आणूनच घ्या, खोल्या झाडून ठेवल्यात. गाडीही तेच पाठवणार. मी आईचा पत्ता लिहून दिला. आईला कळवलं, ती म्हणाली कपडे आजच भरते. भिंगरी मागून ओरडत होती की माझी पकड पण घे, माझी पकड पण घे.

हे ढापण्याने ऐकलं असणार. दुपारी त्याने माझ्या मशीनवर गरम चहा ओतला. मुद्दाम! मग माझ्या कानाशी येऊन दातओठ खात म्हणाला की आजच पळ, पोरीला आणू नकोस, किती वेळा हाकलायचं तुला. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या दोन खोल्यांसाठी मी जिवाचं रान करतेय त्यावर याचा डोळा असणार. मी सरळ मालकांकडे गेले आणि पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं बोललात. शेजार बदलायचा राहिलाच होता.

आता लिहिताना त्या शेवटच्या वाक्याचं काय करावं कळत नाही.

१५ मार्च, शुक्रवार

ढापण्याचं टेबल रिकामं आहे. पुसून लख्ख केलेलं. त्याची पेटी, त्याचा कप, काही नाही. कामावरून काढला असेल. मला बरं वाटायला हवं होतं.

मालकांनी माझ्या मनगटाला चिमटा लावला आणि म्हणाले, आता दाबून बघा. ओला बोर्ड काल संध्याकाळीच बदललेला होता. मी दाबलं. अर्धा गरका. त्यांनी मान हलवली, म्हणजे तो नव्हता, असं म्हणाले. ढापण्याबद्दल म्हणाले. मी नीट ऐकलं.

आणखी एक. हे कॅबिनेट मंगळवारीच सीलबंद खोक्यातून काढलंय. पण त्याच्या बटणावर मधोमध खळगा पडलाय, गुळगुळीत. वर्षानुवर्षं पावलं पडून पायरीला पडावा तसा. माझं बोट त्यात बरोबर बसत नाही. माझ्याहून मोठ्या बोटांचा आहे तो.

संध्याकाळी चिमटा काढताना मालकांनी माझा हात उजेडात धरला आणि उलटसुलट करून पाहिला. आज ताई म्हणाले नाहीत.

१६ मार्च, शनिवार, सकाळ

भिंगरी येणार. घरमालकिणीकडून आणखी एक उशी मागून आणली. वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस बसेन, तोवर गाडी येईलच. कालच्या गोष्टी मनातून झटकून टाकल्यात. माणूस थकलं की त्याला नाही नाही ते दिसतं.

१६ मार्च, दुपार

लगेच लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत मालक फोनवर होते आणि मी हात वर केलेला त्यांना दिसला नाही. मी स्वतःच चिमटा काढला. स्टोअरच्या बाई जागेवर नव्हत्या, खिडकी अर्धी उघडी होती. एक नवी केबल घ्यावी म्हणून आत वाकले.

फळ्यांवर चंदेरी पिशव्या. आणि फळ्यांच्या खाली, भिंतीच्या कडेने, एक लांब बाक. बाकावर माणसं बसलेली. बायका, पुरुष. गुडघे जुळवून, तळवे मांड्यांवर. प्रत्येकाच्या मनगटाला पट्टा आणि सगळे चिमटे भिंतीवरच्या एकाच तारेला लावलेले. डोळे उघडे. श्वास चालू होता, छात्या हलताना दिसत होत्या. सगळ्यांच्या छातीवर चिठ्ठी. अलीकडच्या टोकाला ढापण्या. चष्मा नाकावर सरकलेला आणि तो वर करायला हात उचलत नव्हता. चिठ्ठीवर लिहिलं होतं: तपासला, ठीक.

त्याने मला पाहिलं. त्याचे ओठ हलले नाहीत. फक्त डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

तो मला हाकलत होता. पहिल्या दिवसापासून तो मला हाकलत होता आणि मी माझ्याच तोंडाने त्याला —

त्याच्या शेजारची जागा ओल्या फडक्याने पुसलेली होती.

पळत खोलीवर आले. आईला फोन लावला की पोरीला पाठवू नकोस. आई हसत म्हणाली की अगं, गाडी सकाळीच येऊन गेली, तुझा मालक किती भला, खाऊ पण पाठवला होता त्याने. गाडीवाल्याचा नंबर आईकडे नाही. गाडी वर्कशॉपवरच येणार. मला परत जायला हवं. घरमालकिणीला सांगून पाहिलं, तिने दार लावून घेतलं. आतून म्हणाली की आधीच्या बाईनेही असाच तमाशा केला होता.

पेटीतली मोठी हातोडी घेतलीय. मशीनचा चुरा करते आणि दारात उभी राहते. भिंगरी गाडीतून उतरली की तिला उचलायचं आणि —

तिथे, टेबलावर

हातोडी मालकांनी हातातून अलगद काढून घेतली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. बाकीचे सगळे माना खाली घालून. त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. या टेबलावर मी बसले की त्यांची टेबलं वाचतात, एवढंच त्यांना —

मालक म्हणाले, गाडी कोपऱ्यावर थांबवलीय. फोन केला की वळेल, नाही केला तर जिथून आली तिथे जाईल. एकदा दाबा. चालू झालं तर लेकीला घेऊन जा. मी विचारलं, शप्पथ? म्हणाले, मी खोटं बोलत नाही, मशीन खोटं चालत नाही.

पट्टा बांधून घेतला. दुसरं काय करणार होते? हात पुढे केला आणि बांधून घेतला.

एकदा. फक्त एकदा चालू हो. तुझ्या पाया पडते. माझं सगळं घे —

अर्धा गरका.

(तारीख माहीत नाही. उजेड तोच)

पाय नाहीत. म्हणजे आहेत, दिसतात. माझे वाटत नाहीत. चिमटा टेबलावरून काढून तारेला लावला त्यांनी, तेव्हापासून. दोन्ही कोपरांशी धरून उचललं मला, बोर्ड कडेने धरतात तसं, मध्ये बोट न लागू देता. बाईंनी छातीवर चिठ्ठी चिकटवली. मला उलटी दिसते. तपासली, ठीक.

उजवा हात अजून चालतो. वही ॲप्रनच्या खिशात होती. बाई बघत नाहीत तेव्हा —

बाजूला ढापण्या. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागतो. गरम आहे. मी मनातल्या मनात माफी मागते, त्याला पोचते का माहीत नाही. डोळे मिटता येत नाहीत. त्याचेही.

घसा आहे, आवाज नाही.

नंतर

हॉलमध्ये गाडीचं दार वाजलं. नाही, गल्लीत. मग हॉलचं. मग पळती पावलं. तिचीच. तिला चालता येतच नाही, पळतेच. म्हणजे फोन केला त्याने. मशीन चालू झालं नाही तर काय, ते तो बोललाच नव्हता.

विचारतेय, आई कुठेय.

मालक म्हणाले, आत काम करतेय, एवढं मशीन चालू झालं की येईल. ताई म्हणाले तिला. माझ्या पोरीला ताई म्हणाले!

कोणी बोला ना. इतकी टेबलं भरलीत, एकाने तरी बोला. एकाने तरी तिच्यावर ओरडा, तिला हाकला, मारा, बाहेर काढा —

नुसते स्क्रू पिळल्याचे आवाज.

ती त्यांना सांगतेय की तिने आजीचा रेडिओ दुरुस्त केला. खुर्ची ओढल्याचा आवाज. पाय पोचत नसणार तिचे. कोणीतरी उशी दे म्हणालं.

मालक म्हणतात, आईचाच हात, फक्त नवा. हे तिला नाही म्हणाले. हे मशीनला म्हणाले.

बाई आत आल्या. फडकं ओलं केलं. माझ्या डाव्या बाजूची जागा पुसताहेत. छोटीशी. तिच्या मापाची.

मला ती इथे हवी आहे. देवा, एक क्षण मला ती इथेच, शेजारी, खांद्याला खांदा — नको. नको, मी असा विचार केला नाही. नको —

पट्टा मनगटाला मोठा होतोय तिच्या. मालक भोक पाडून देतो म्हणाले. ती हसली.

पळ. भिंगरी. तू एका जागी बसत नाहीस ना गं, सगळे तुला त्यावरून बोलतात, आज नको बसूस, ऊठ, आईचं ऐकू नकोस, कोणाचंच ऐकू नकोस, ते गोड बोलतील, बटण दाखवतील, तू बोट लावू न